नापसंतीचं कारण

तीन दिवस तीन बाया येणार होत्या. एकेकीने पूर्ण दिवस थांबायचं, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. चौथ्या दिवशी त्यांतली एक निवडून आम्ही फॉर्म ऑफिसात नेऊन द्यायचा. ही त्या संस्थेची पद्धत होती. सगळं मुलीने फोनवरून ठरवलं. ती दुसऱ्या शहरात असते आणि लांबून ठरवायच्या गोष्टी फार झटपट ठरवते.

"बाबा, ह्या नर्स नाहीत हं," ती मला चारदा म्हणाली. "इंजेक्शन, ड्रेसिंग असलं काही नाही. आंघोळ घालणं, केस विंचरणं, संडासला नेणं, जेवायला वाढणं, थोडं हिंडवणं आणि सोबत. सोबत महत्त्वाची. आणि निवड आईला करू दे. तुम्ही मध्ये पडू नका."

मी मध्ये पडणारा माणूस नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं.

बायको चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला. पण ती चालेना. वॉकर पलंगाशी उभा असायचा, त्याला ती घोडा म्हणायची. "घोडा तुम्हीच घ्या, मला काही लग्नाला जायचं नाही." मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. तिला उठवताना दोनदा असं झालं की ती उठण्याऐवजी मीच तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. दुसऱ्या खेपेला आम्हाला उठवायला खालच्या मजल्यावरचा कंत्राटदारांचा मुलगा आला. त्यानेच मुलीला कळवलं असणार.

बायको एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मी छापखान्यात प्रुफं वाचायचो. ती कानावर हेडफोन घालून जन्माला आली आणि मी नाकावर चष्मा घालून, असं तीच पाहुण्यांना सांगायची. संसार ह्यावरच चालला. ती बोलायची, मी वाचायचो, आणि जिथे 'हं' म्हणायचं तिथे 'हं' म्हणायचो. माझा 'हं' कधी चुकीच्या जागी पडला नाही. ऐकत मात्र मी क्वचितच होतो. ती पडल्यापासून तिच्याकडे येणारी माणसं कमी झाली. सुरुवातीला फळं घेऊन येत, मग नुसती येत, मग फोन करत, मग तेही थांबलं. पूर्वी दहा जणांत वाटलं जाणारं तिचं बोलणं आता एकट्या माझ्या वाट्याला येऊ लागलं. पाच खंडांचा एक जाडजूड इतिहास मी निवृत्तीनंतर वाचायला घेतला होता. ती पडली तेव्हा मी चौथ्या खंडाच्या नव्वदाव्या पानावर होतो. चार महिन्यांनी एकशे बाराव्या पानावर होतो.

हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्याला ह्याहून मोठं कारण मला सापडत नाही.

पहिली बाई पन्नाशीची, चापूनचोपून साडी नेसलेली. आल्या आल्या तिने औषधांच्या पाकिटांची रांग लावली आणि टाळी वाजवली.

"चला, आता आपण तोंड धुऊ या. मग आपण दूध पिऊ या. मग आपण शहाण्यासारखं झोपू या."

"तुम्हीपण झोपणार?" बायको म्हणाली. "पलंग पुरायचा नाही हो."

"आपण असं उलट बोलायचं नाही हं."

संध्याकाळी ती गेल्यावर बायकोने तिचं नाव मास्तरीण ठेवलं आणि फुलीही मारली. "दिवसभर आपण, आपण. अहो, संडासातसुद्धा आपण! निदान तिथे तरी मला एकटीला जाऊ दे की."

दुसरी बाई दहा मिनिटं उशिरा आली. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज तीन खोल्यांना पुरेल असा. दारात चपला काढता काढताच तिने आत पलंगाकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अगंबाई! मला ऑफिसात सांगितलं, म्हातारी आहे म्हणून. मावशी, तुम्ही सोंग घेतलंय की काय?"

"आल्या आल्या चोरी पकडलीस गं," बायको म्हणाली.

मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. बाई हातांनी काम करत होती आणि तोंडाने गोष्टी सांगत होती, आणि दोन्ही एकमेकांना अडवत नव्हती. कुठल्याशा घरातले आजोबा जेवायला लागू नये म्हणून कवळी लपवून ठेवायचे, रोज नवी जागा. "एक दिवस चहा करायला साखरेचा डबा उघडला मावशी, तर डबाच माझ्याकडे बघून हसला!" दुसऱ्या एका घरी दोन जावा, दोघी ऐंशीच्या पुढच्या, एकमेकींशी वीस वर्षं अबोला, ही मध्ये बसून दोघींचे निरोप पोचवायची. "आणि निरोप काय, तर तिला सांग, तुझी साडी वाईट आहे!" बायकोने तिला एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगितल्या. त्या मी पन्नास वर्षं ऐकत आलो होतो, म्हणजे ऐकल्या नव्हत्या. त्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकल्या. चांगल्या होत्या.

अकराच्या सुमाराला आतून आवाज आला, "घोडा आणा हो!"

मी पुस्तक खाली ठेवून धावलो. बायको उभी होती. बाई तिला धरून नव्हती, नुसती शेजारून चालत होती आणि कवळीची पुढची गोष्ट सांगत होती. पलंगापासून बाल्कनीपर्यंत अकरा पावलं आहेत. बायको ती चालली. गोष्ट संपली तेव्हा ती कठड्याला धरून खालचं अंगण बघत होती, आणि आपण चाललो हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

मला आनंद झाला. हे खरं आहे, कुणी मानो न मानो.

दुपारी बायको पेंगली तेव्हा बाई फडकं घेऊन माझ्या खोलीत आली. कुणी सांगितलं नव्हतं. ती पुस्तकांवरची धूळ झटकू लागली. चारही भिंतींना छतापर्यंत पुस्तकं आहेत.

"काका, हे सगळं वाचलंय?"

"बरंचसं."

"बापरे." तिने मान वर करून शेवटच्या फळीपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून विचारलं, "आणि एवढं वाचून शेवटी काय कळलं?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं. काहीतरी सांगण्यासारखं असलंच पाहिजे, असं मला वाटत होतं. काही आलं नाही.

पलीकडून बायकोचं हसू फुटलं. ती पेंगली नव्हती. "अगं, पन्नास वर्षं झाली, मला मेलीला हे विचारायचं सुचलंच नाही!" ती खुबा धरून हसत होती. "बघ, बघ, अजून शोधतायत उत्तर! अहो, शेवटच्या पानावर असेल, बघा ना!" बाईसुद्धा हसायला लागली. मीही हसलो. अशा वेळी हसावं लागतं.

त्या दिवशी मी चार ओळी वाचल्या. त्याच चार, पुन्हा पुन्हा.

तिसरी आठच्या ठोक्याला आली. ठेंगणी, फिक्या रंगाची साडी, वय सांगता येणार नाही असा चेहरा. आंघोळ, कपडे, चादर, जेवण, सगळं वेळेवर आणि नीटनेटकं. बोलायची ते 'हो', 'नाही' आणि 'झालं'. बायकोने तिला कुठे राहतेस विचारलं. "लांब." घरी कोण? "आहेत." बायकोने कवळीची गोष्ट तिला ऐकवली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दूध गरम करू?"

त्या दिवशी मी चाळीस पानं वाचली.

"काम चोख आहे हो," संध्याकाळी बायको म्हणाली. "पण घरात कुणी गेल्यासारखं वाटतं. भिंत आहे नुसती." मग तिने फॉर्म मागवला. खालच्या रेघेवर तिने सही केली, ठसठशीत, टेलिफोन खात्यातल्या हजेरीपटावर करायची तशी. "वरचे रकाने तुम्ही भरा, तुमचं अक्षर चांगलं. दुसरी. ऐकलंत का? धबधबा. हातावर लिहून देऊ?"

"ऐकलं," मी म्हणालो.

संस्थेचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढून गेल्यावर मला बाकावर बसवलं. तिथे पंखा फिरत होता आणि कुणीही बोलत नव्हतं. घरून निघालो तेव्हा दुसरीच्या चौकोनात खूण करायची हे ठरलेलंच होतं, अगदी जिना चढेपर्यंत. बाकावर बसल्यावर मी फॉर्म मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं, आणि पंख्याच्या आवाजात मला तिचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. त्याच्यामागून बायकोचं हसू. रोज आठ ते सात. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली.

मग फॉर्मचा पुढचा भाग आला. ज्या बाया घेतल्या नाहीत त्यांच्या नावापुढे एक रकाना होता, 'नापसंतीचं कारण'. चाळीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. पहिलीपुढे मी लिहिलं, 'वडीलधाऱ्यांना लहान मुलासारखे वागवते.' दुसरीपुढे थोडा वेळ थांबलो. मग वळणदार अक्षरात लिहिलं, 'रुग्णेला अखंड बोलणे सहन होत नाही. विश्रांतीत व्यत्यय येतो.' खाली बायकोची सही होतीच.

टेबलामागच्या मॅडमनी फॉर्म वाचला आणि त्या खूश झाल्या. "लोक कारण लिहीतच नाहीत हो. तुम्ही किती व्यवस्थित लिहिलंत. आम्ही हे बाईला वाचून दाखवतो."

"वाचून दाखवता?"

"शब्द न् शब्द. सही कुणाची तेही दाखवतो. म्हणजे तिला कळतं, सुधारणा होते. कार्डावर नोंद राहते. दोन नोंदी झाल्या की नाव यादीतून काढतो आम्ही." त्यांनी फॉर्म फायलीत लावला. "पंधरा दिवसांत बाई बदलून मिळते. त्यानंतर मात्र नाही. अजून काही?"

हात पुढे करून तो कागद परत मागायला फार तर एक वाक्य लागलं असतं. "काही नाही," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायकोने पलंगावरूनच विचारलं, "उद्यापासून येतेय ना धबधबा?"

"तिला दुसरीकडे जागा मिळाली. आज सकाळीच."

तिचा चेहरा पडला. पण संशय नाही आला. उलट ती माझ्यावरच घसरली. "मिळणारच! अशी बाई कोण सोडेल? तुम्ही पायी गेलात ना? बसने जा म्हटलं होतं. दहा वेळा जिन्यात थांबला असाल दम खात." दिरंगाईचा आरोप मी खाली मान घालून घेतला. खोटं बोलणाऱ्याला लहान आरोप फार सोयीचा असतो.

भिंत दुसऱ्या दिवसापासून येऊ लागली.

पहिला आठवडा बायकोने हार मानली नाही. तिने कोडी घातली, टोमणे मारले, एकदा मुद्दाम भाजीला नाव ठेवलं. "मीठ कमी झालंय." भिंतीने मीठ आणून ठेवलं. "अगं, भांड तरी माझ्याशी!" भिंत म्हणाली, "नको." दुसऱ्या आठवड्यात बायकोच्या गोष्टी आखूड झाल्या. घोड्याला तिने हात लावणं सोडलं, भिंत तिला चाकाच्या खुर्चीत बसवू लागली. संस्थेने दिलेल्या तक्त्यात 'बाहेरची हवा' अशी एक ओळ होती. त्याप्रमाणे भिंत तिला चार वाजता बाल्कनीत नेऊन ठेवायची आणि साडेचारला उचलून आणायची, वाळवण ठेवावं आणि उचलावं तसं.

मी चौथा खंड संपवला.

दहाव्या दिवशी ती म्हणाली, "एकदा ऑफिसात विचारून बघा ना. ती तिकडून सुटली असेल कदाचित. नाहीतर फोन इकडे द्या, मी बोलते."

"मी विचारलं कालच. ती तिथेच आहे."

"विचारलंत?" तिला इतकं बरं वाटलं की मला बघवेना. "न सांगता विचारलंत? बघा, असे वरून दगड दिसता तुम्ही."

पंधरावा दिवस मी कॅलेंडरवर पाहिला. तो गेला. सोळाव्या दिवशी सकाळी मला जिन्याशी कंत्राटदारांचा मुलगा भेटला. आमच्या बरोबर खाली ते राहतात. कंत्राटदार बहिरे, म्हणून त्यांनी दाराला इतकी मोठी बेल बसवली आहे की ती वाजली की आम्ही आमचं दार उघडायला उठतो. गेल्या महिन्यात पक्षाघाताने त्यांचा एक हात लुळा पडला होता.

"काका, तुमच्याच संस्थेतून बाई घेतली," मुलगा म्हणाला. "काय शांत बाई आहे! दिवसभर तोंडातून अक्षर काढत नाही. आम्ही सुटलो."

त्याच्यामागून ती येत होती. हातात औषधांची पिशवी. मला पाहून थबकली. "नमस्कार काका," ती इतक्या हळू म्हणाली की मला ओठांवरूनच कळलं. आणि कडेने अंग चोरत, मला वाट देऊन आत गेली. तीन खोल्यांना पुरणारा आवाज कुठे गेला हे मला विचारायची गरज नव्हती. तो मी फायलीला लावून आलो होतो.

वर येऊन मी भिंतीला सांगितलं, "काही दिवस बाल्कनी नको. वारा आहे."

"हो," ती म्हणाली. आणि तक्त्यातली ती ओळ पेन्सिलीने खोडली.

वारा मुळीच नव्हता. बायको रोज चारला दाराकडे बघायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, चौथ्या दिवशी विचारलं नाही. मी पाचवा खंड आणायला लायब्ररीत गेलो.

परत आलो ते साडेचारच्या सुमाराला. फाटकातून आत पाऊल टाकतो तोच वरून हाक आली. बायको बाल्कनीत उभी होती, घोड्याला धरून. अकरा पावलं ती माझ्या गैरहजेरीत, रागाच्या भरात, एकटीने चालली होती. अंगणात, दोरीवरचे कंत्राटदारांचे कपडे काढत धबधबा उभी होती.

"अगं ए! वर बघ ना! मी गं, घोडेवाली मावशी!" बायको ओरडत होती. "अहो, बघा कोण आहे! थांबवा तिला! ही इथे खालीच, आणि आपल्याला पत्ता नाही!"

बाईने वर पाहिलं नाही. तिने शेवटचा सदरा ओढून काढला, चिमटा जमिनीवर पडला, तो न उचलता ती आत गेली. मी दोघींच्या मध्ये, बगलेत पाचवा खंड धरून उभा होतो. मी चिमटा उचलून दोरीला लावला.

वर गेलो तेव्हा बायको धापा टाकत पलंगावर बसली होती. भिंत घरात नव्हती. "तिला खाली पाठवलंय," बायको म्हणाली. "बोलावून आण म्हटलं. ऐकू आलं नसेल हो तिला. ते बहिरे, त्यांच्याबरोबर राहून हीपण बहिरी झाली!" ती हसली. तीन आठवड्यांत प्रथमच.

भिंत परत आली. दारात उभी राहिली. आणि आमच्या घरी आल्यापासून बोलली नव्हती एवढं ती एका दमात बोलली.

"ती येणार नाही म्हणते. म्हणते, मावशींना माझं बोलणं सोसत नाही, तसं त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय. ऑफिसात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. अजून एक तक्रार आली तर नाव काढतील. मावशींना सांग, मी बोलत नाही आता कुणाशी, काळजी करू नका." मग तिने श्वास घेतला. "झालं."

बायको माझ्याकडे वळली.

"सही माझी," ती म्हणाली.

"हो."

"आणि अक्षर?"

मी बगलेतला पाचवा खंड टेबलावर ठेवला.

"अक्षर तुमचं चांगलंच आहे." तिने भिंतीला आत जायला सांगितलं. मग शांतपणे, लाइन तुटू नये म्हणून ट्रंक कॉलवर हळू बोलावं तशी, म्हणाली, "तुम्ही आता खाली जा. त्यांची बेल वाजवा. ती दारात येईल. तिला सांगा, मावशीने लिहिलं नाही, मी लिहिलं. एवढंच. माझ्यासाठी काही मागू नका तिच्याकडे. तेवढं सांगा आणि या."

मी निघालो. जिना उतरलो. कंत्राटदारांच्या दारापुढे उभा राहिलो. बेलचं बटण पितळी आहे, मधोमध झिजलेलं. आतून कंत्राटदारांचं खोकणं ऐकू येत होतं आणि पातेलं घासल्याचा आवाज. मी वाक्य जुळवलं. 'मावशींनी नव्हे, मी.' तीन शब्द. मग मनात आलं, दार कंत्राटदारांच्या मुलाने उघडलं तर? त्याच्यासमोर बोलावं लागेल. तिने 'का' असं विचारलं तर? तिला प्रश्न विचारायची सवय आहे. मी बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही. आठ-दहा माणसांशी बोलून व्हावं इतका वेळ तिथे उभा राहिलो आणि वर आलो.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काही हरकत नाही."

"हसली?"

"हो," मी म्हणालो. "हसली."

बायकोने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "एकतीस वर्षं मी घंटा ऐकल्यात," ती म्हणाली. "दोनशे लाइनींत एक वाजली तरी कुठली ते सांगायची. त्यांची बेल तर आपल्या उशाशी वाजते." तिने खाली जमिनीकडे बोट दाखवलं. "बेल वाजली नाही हो."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

भिंतीकडून तिने फोन मागवला. पडल्यापासून तिने फोनला हात लावला नव्हता. लोकांची कीव कानाला टोचते म्हणायची. नंबर फॉर्मच्या पावतीवर होता. ती ताठ बसली, पदर नीट केला, आणि तिचा जुना आवाज लागला, गोड, घाई नसलेला, मधल्या कुणालाही न जुमानणारा. नोंद चुकीची आहे, खोडा. नाही, माझी तक्रार नाही. सही माझी आहे, तक्रार नाही. कोणाची? तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आमच्याकडे एक लिहिणारे असतात," ती म्हणाली. "त्यांनी लिहिली."

नोंद खोडली, असं मॅडम म्हणाल्या. बाई बदलून मात्र मिळणार नव्हती, पंधरा दिवस उलटून गेले होते. आणि खालच्या बाईला त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी आहे तिथे बरी आहे. खाली अजूनही तिचा आवाज येत नाही. नोंद कार्डावरून गेली, तिच्या डोक्यातून गेली नाही. चार वाजता ती कपडे काढायला येते. बायको बाल्कनीत उभी असते. बाई वर न बघता एक हात किंचित उचलते, बायको इथून एक हात उचलते. तेवढंच.

माझ्याशी बोलायचं काम बायकोने भिंतीकडे सोपवलं.

सुरुवातीला भिंतीला ते जमेना. ती माझ्या खोलीच्या दारात येऊन नुसती उभी राहायची. आतून बायको एकेक शब्द सांगायची आणि ती तो पुढे द्यायची. आता सराव झाला आहे. "मावशी म्हणतात, चहा झालाय." "मावशी म्हणतात, मुलीचा फोन होता, तुम्ही बरे आहात असं सांगितलं." "मावशी म्हणतात, कंगवा कुठे ठेवला ते विचार, आणि खरं सांगतील असं धरू नकोस." हे म्हणताना भिंतीच्या ओठांचा एक कोपरा हलतो. आतून हसू येतं, आणि कधीकधी भिंतीचंही, दबकं, गंजलेल्या बिजागरीसारखं. दोघींचं जमलं आहे. घरात दिवसभर बोलणं चालू असतं. सगळं माझ्याविषयी असतं, आणि मला उद्देशून त्यात काही नसतं.

पाचवा खंड टेबलावर आहे. मी तिसऱ्या पानावर आहे.

काल दुपारी भिंत पुन्हा दारात आली. फडकं घेऊन आली होती, पण धूळ झटकली नाही. आत सगळं चिडीचूप होतं.

"काका," ती म्हणाली, "मावशी विचारतात, एवढं वाचून शेवटी काय कळलं."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काय सांगू?" तिने विचारलं. आणि घाई नसल्यासारखी, चौकटीला टेकून उभी राहिली.